‘जामीन’ म्हणजे नेमके काय?

स. न. वि. वि.

‘आरोपीला जामीन मिळाला’ ही बातमी वाचून तो निर्दोष सुटला, असा अनेकांचा समज होतो. खटला चालूच असतो; तारखांना हजर राहावेच लागते.

या शब्दाचा दुसरा अर्थ आमच्या घराने सोसला. वडील शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिले. ‘नुसती सही करायचीय, अण्णा,’ एवढ्यावर. हप्ते थकले आणि पतसंस्थेची नोटीस आमच्या दारावर चिकटली. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हे वाक्य कर्जाच्या अर्जावर, सहीच्या जागेच्या अगदी वर, ठळक मराठीत छापलेच पाहिजे.

– एक वाचक, सांगली