सोमवारच्या तासाआधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवला आणि तुझी शाळेतली व्याकरणाची वही शोधून काढली. सोमवारपासून तू धडगावकडच्या आश्रमशाळेत वरच्या वर्गांना अलंकार शिकवणार. वर्गात बोलताना अडलास तर काय करशील, हे विचारायचं नाही असं आक्कानं बजावलंय. म्हणून अलंकारांचंच लिहितो.

व्याख्येपासून सुरुवात करू नकोस. व्याख्या फळ्यावर आली की पोरं माना खाली घालून उतरवून घेतात आणि विषय तिथंच संपतो. आधी ओळ म्हण. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्यावर.' मग विचार, गोष्ट कशाची चाललीय? संसाराची, ते उपमेय. तो कशासारखा म्हटलाय? तव्यासारखा, ते उपमान. दोघांत सारखं काय? चटके. तो साधारण धर्म, आणि 'जसा' हा साम्य दाखवणारा शब्द. ही झाली उपमा. आता पोरांनाच ओळ बदलायला सांग. 'संसार म्हणजे जणू तवाच' म्हटलं की उत्प्रेक्षा झाली. 'संसाराच्या तव्यावर' म्हटलं की दोन्ही एकच झाले, ते रूपक. 'जणू, गमे, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा, असं घोकून मार्क मिळतात, पण कविता हाती लागत नाही.

आणि बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे जरूर सांग. १८८० साली आपल्या आसोद्यात जन्मलेली बाई. मुलानं गाणी उतरवून ठेवली म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं, तेही त्या गेल्यावर. तुझ्या वर्गात घरी पावरी बोलणारी पोरं असतील. अलंकार शाळेच्या आधीपासून माणसाच्या तोंडी असतात, हे त्यांना कळायला हवं. त्यांच्या घरची गाणी म्हणून घे. नदी रुसते, डोंगर हाक मारतो असं काही सापडलं, तर चेतनगुणोक्ती तिथेच शिकव.

निवृत्त झालो तरी शिकवणं सुटत नाही. राग मानू नकोस.

पण वृत्तांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे.' लघु, गुरू, गुरू असा य गण ४ वेळा, अक्षरं १२, भुजंगप्रयात. तू चौथीत होतास. 'प' आला की तुझी मान मागे जायची, डोळे मिटायचे. धुळ्याच्या स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या, तालात म्हणायला लावा. आजीच्या झोपाळ्यावर बसून, मांडीवर थाप देत तू श्लोकामागून श्लोक म्हटलेस, एकदाही न अडता. आजी रडायला लागली. मला काय करावं सुचेना, तेव्हा मी 'यमाताराजभानसलगं' हे गणांचं सूत्र म्हणत तुला गण पाडून दाखवत बसलो. तू तेही एका दमात म्हटलंस.

तर वृत्तं आधी घे, अलंकार नंतर. पोरांनाही ताल आवडतो. मी हे का सुचवतोय ते तुला कळलं असेलच.

पोरं हसली तर? पहिल्या दिवशी एखादं हसेलही. तू थांब, श्वास घे, शब्द बदलू नकोस. लहानपणी 'पाणी' म्हणवत नसे म्हणून 'जल' म्हणायचास, ते आठवून अजून पोटात तुटतं. वर्गात तसं करू नकोस. तुला जो शब्द हवा आहे तोच म्हण, लागू दे वेळ.

हे लिहायचं नव्हतं. पण आता खोडत नाही.

मुलाखतीत तीनदा अडलो आणि तरी उत्तर पूर्ण केलं, असं तू सहज सांगितलंस. मी ते गल्लीत सगळ्यांना सांगून आलो. वाचनालयातही सांगितलं. तुझ्या वयात पन्नास माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की माझे हातपाय थरथरायचे, आणि माझी तर जीभ सरळ होती.

आईनं मेतकूट आणि शेवया पाठवल्यात. सोमवारी तास झाला की फोन कर. रेंज टेकडीवरच येते म्हणतोस, तर अंधारात चढू नकोस, मंगळवारी सकाळी केलास तरी चालेल. बोलायला कितीही वेळ लागू दे, मी मध्येच तुझं वाक्य पुरं करणार नाही.

तुझे,
बाबा