शहराचा आकडा छापताना हद्दही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘क्षेत्रफळात पुणे आता मुंबईपेक्षा मोठे’ हे वाक्य २०२१ पासून बातम्यांत आणि भाषणांत सतत भेटते. ते चुकीचे नाही. त्या वर्षी २३ गावे समाविष्ट झाली आणि पुणे महापालिकेचे क्षेत्र सुमारे ५१६ चौरस किलोमीटर झाले. तरीही सकाळी नऊ वाजता दादरला उतरणाऱ्या कोणालाही मुंबई पुण्याहून लहान वाटत नाही, आणि त्याचे वाटणेही चुकीचे नाही. आकडा आणि अनुभव यांच्यात एवढे अंतर का पडते, याची कारणे मोजता येतात. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जनगणना होत आहे. तिचे आकडे आल्यावर शहरांच्या तुलनांचा पूर येईल, म्हणून आत्ताच हे लिहीत आहोत.

आपल्याकडे शहराचा म्हणून छापला जाणारा आकडा बहुतेक वेळा महापालिकेचा असतो आणि महापालिकेची हद्द शासनाच्या अधिसूचनेने ठरते. वस्ती कुठवर पसरली आहे याच्याशी तिचा मेळ असेलच असे नाही. पुण्याचेच पाहा. २०११ च्या जनगणनेच्या वेळी महापालिकेचे क्षेत्र सुमारे २४४ चौ.कि.मी. होते. २०१७ मध्ये ११ गावे आली आणि ते ३३१ च्या आसपास गेले, २०२१ मध्ये ५१६ झाले. वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे, खडकवासला यांच्यासोबत शेते, डोंगरउतार आणि माळरानेही ‘शहरा’त आली. मग फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे एका वस्तीचा पत्ता सात वर्षांत ग्रामपंचायत, महापालिका, नगरपरिषद असा दोनदा बदलला.

उलट बाजूला, पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंट शहराच्या ऐन मध्यावर आहेत. लष्कर भागातला महात्मा गांधी रस्ता पुण्याची मोठी बाजारपेठ आहे, पण २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची म्हणून नोंदलेली ३१,२४,४५८ ही लोकसंख्या कॅन्टोन्मेंट वगळून आहे. पिंपरी-चिंचवडचे १७ लाख लोकही त्यात नाहीत. बोपोडीहून हॅरिस पूल ओलांडून दापोडीला जाताना शहर संपल्याचे कोणाला जाणवत नाही, कारण ते संपतच नाही. जनगणनेने अशा सलग वस्तीसाठी ‘नागरी समूह’ ही वेगळी नोंद ठेवली आहे. पुणे नागरी समूहात २०११ ला सुमारे साडेपन्नास लाख लोक होते. पुण्याच्या खऱ्या आकाराचा अंदाज महापालिकेच्या आकड्यापेक्षा या आकड्याने अधिक चांगला येतो.

मुंबईचे तर क्षेत्रफळच एक नाही. ४३७, ४५८ आणि ६०३ चौ.कि.मी. असे तिन्ही आकडे छापलेले आढळतात. ४५८ हा २०३४ च्या विकास आराखड्यातला. ६०३ हा जनगणनेतल्या दोन जिल्ह्यांची बेरीज आहे, शहर १५७ आणि उपनगर ४४६. आता मुंबई शहर जिल्ह्याचे, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या बेटाचे क्षेत्र बऱ्याच ठिकाणी ६८-६९ चौ.कि.मी. दिलेले असते. १५७ धरले तर २०११ च्या ३०,८५,४११ लोकांची घनता दर चौ.कि.मी.ला १९,६५२ येते आणि उपनगर जिल्हा (२०,९८०) जास्त दाट ठरतो. ६९ धरले तर तीच घनता ४५ हजारांच्या घरात जाते. माणसे तीच आणि वर्षही तेच, फक्त भागाकारातला छेद बदलला. पुणे मोठे की मुंबई, या तुलनेत ६०३ धरले तर उत्तरच फिरते. घनतेची बातमी देताना क्षेत्रफळ कुठून घेतले हे लिहिले नाही तर वाचकाला ती पडताळता येत नाही.

नागरी समूहाच्या आकड्यातही खाचा आहेत. २०११ मध्ये बृहन्मुंबई नागरी समूहात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर धरले गेले, पण वसई-विरार आणि भिवंडी स्वतंत्र राहिले. चर्चगेटहून सुटणाऱ्या कितीतरी लोकलवर ‘विरार’ ही पाटी असते, तरी जनगणनेच्या तक्त्यात विरार मुंबईबाहेर. दिल्लीचेही तसेच. दिल्ली नागरी समूह १ कोटी ६३ लाख, बृहन्मुंबई १ कोटी ८४ लाख, म्हणून मुंबई पुढे. पण गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम आणि नोएडा ही सलग शहरे दिल्लीत मिळवली की २ कोटी १६ लाखांच्या आसपास बेरीज होते. मुंबईत वसई-विरार आणि भिवंडी मिळवली तर सुमारे २ कोटी ३ लाख. राज्याची सीमा मधे आली की जनगणना थांबते, माणसांचा रोजचा प्रवास थांबत नाही. ‘देशातले सर्वांत मोठे शहर कोणते’ याचे उत्तर म्हणूनच दोन्ही प्रकारे बरोबर देता येते.

परदेशातही हाच घोळ आहे. अमेरिकेतले जॅक्सनव्हिल १९६८ मध्ये आपल्या काउंटीत विलीन झाले. जमीन सुमारे १,९३५ चौ.कि.मी., २०२० ची लोकसंख्या ९ लाख ४९ हजार. सॅन फ्रान्सिस्को १२१ चौ.कि.मी. आणि ८ लाख ७४ हजार. यादीत जॅक्सनव्हिल वर बसते, पण सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या महानगरात ४७ लाख लोक राहतात आणि जॅक्सनव्हिलभोवती १६ लाखांच्या आसपास. चीनमधले चोंगचिंग ८२ हजार चौ.कि.मी. म्हणून ‘जगातले सर्वांत मोठे शहर’ ठरवले जाते, पण त्याचा बहुतांश भाग डोंगर आणि शेती आहे. तो प्रांताच्या दर्जाचा प्रदेश आहे, शहर त्याच्या एका भागात आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ च्या अहवालात मोजण्याची रीतच बदलली. जमिनीचे एक-एक चौ.कि.मी.चे चौकोन पाडायचे, दीड हजार किंवा त्याहून जास्त लोक असलेले लागून असलेले चौकोन जोडायचे आणि एकूण वस्ती किमान ५० हजार भरली की ते शहर. प्रशासकीय हद्द बाजूला ठेवली. परिणाम असा की २०१८ च्या अहवालात एक कोटीच्या थोडे वर असलेले जकार्ता सुमारे ४ कोटी २० लाखांवर जाऊन पहिले ठरले. ढाका दुसरे, आणि आधी पहिले असलेले टोकियो तिसरे. जकार्तात रातोरात तीन कोटी माणसे आली नाहीत. ती आधीपासून तिथेच राहत होती, जुन्या रेषेच्या पलीकडे.

आता हद्द बरोबर धरली तरी शहर मोठे किंवा लहान का वाटते, हा प्रश्न उरतोच. इथे साधी घनता सपशेल फसवते. समजा एका शहराचे १०-१० चौ.कि.मी.चे दोन भाग आहेत, एकात १,९०,००० लोक आणि दुसऱ्यात १०,०००. साधी घनता दोन लाख भागिले वीस, म्हणजे १०,०००. पण शंभरातली ९५ माणसे १९,००० घनतेत राहतात, १०,००० घनतेत तर कोणीच राहत नाही. म्हणून प्रत्येक भागाच्या घनतेला त्या भागातल्या लोकसंख्येने गुणायचे, बेरीज करायची आणि एकूण लोकसंख्येने भागायचे. उत्तर १८,१०० येते. याला लोकसंख्या-भारित घनता म्हणतात आणि रहिवाशाला जाणवणारी गर्दी हीच असते. मुंबईची साधी घनता काढताना संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल छेदात येते. तिथे माणसे नाहीत, त्यामुळे कुर्ल्यातल्या किंवा धारावीतल्या रहिवाशाच्या वाट्याला कागदावर मोकळी जागा दिसते. ती त्याला कधी मिळालेली नसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेत आहे. २०१० च्या जनगणनेत लॉस एंजेलिसच्या नागरी क्षेत्राची साधी घनता न्यूयॉर्कच्या नागरी क्षेत्रापेक्षा जास्त होती, चौ.कि.मी.ला सुमारे २,७०० विरुद्ध २,०५०. ज्याने दोन्ही शहरे पाहिली आहेत त्याला हे पटणार नाही. भारित घनता काढली की न्यूयॉर्क महानगर लॉस एंजेलिसच्या अडीच पट भरते. लॉस एंजेलिस सगळीकडे सारखे मध्यम दाट आहे, तर न्यूयॉर्कचा मध्य अतिशय दाट आणि कडेची उपनगरे फार विरळ. एक सावधगिरी मात्र हवी. भाग जितके बारीक घ्याल तितकी भारित घनता वाढते किंवा फार तर तेवढीच राहते. एका शहराचे प्रभाग आणि दुसऱ्याचे तालुके घेऊन तुलना केली तर ती निरर्थक होते. आणि इमारतींच्या उंचीवरून घनता ठरवू नये. पॅरिसच्या बहुतेक घरांना सहा-सात मजले आहेत, तरी १०५ चौ.कि.मी.त २१ लाख लोक राहतात.

दुसरे कारण आकाराचे, आणि मुंबईच्या बाबतीत तेच सर्वांत मोठे. ४४० चौ.कि.मी.चे गोल शहर घ्या, केंद्र मधोमध. घरापासून केंद्राचे सरासरी सरळ अंतर त्रिज्येच्या दोन-तृतीयांश, म्हणजे आठ किलोमीटरच्या आत. तेवढीच जमीन ४० बाय ११ कि.मी.च्या पट्टीत ठेवा आणि कचेऱ्या पट्टीच्या टोकाला बसवा. सरासरी अंतर वीस किलोमीटरच्या वर जाते. क्षेत्रफळ तेच, पण रोज जाणाऱ्याला शहर अडीच पट मोठे. फोर्ट आणि नरिमन पॉइंटमुळे मुंबईची रचना अनेक दशके नेमकी अशीच होती. वांद्रे-कुर्ला संकुल आणि अंधेरीकडे कामे सरकली, ती पट्टीच्या मधल्या भागात आली. केंद्र अगदी मधोमध धरले तर सरासरी अंतर अकरा किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ निम्मे होते. हे गणित कागदावरच्या सरळ रेषांचे आहे, प्रत्यक्षात रस्त्याची वळणे धरून त्यात भर पडते. पण प्रमाण समजायला ते पुरते.

वळणांचा विषय निघालाच आहे तर अडथळ्यांचाही विचार करायला हवा. नदी, खाडी, रेल्वेमार्ग, लष्करी जमीन, डोंगर हे शहराला नकाशापेक्षा मोठे करतात. मुंबईत उत्तर-दक्षिण प्रवास लोकलमुळे जलद, पूर्व-पश्चिम प्रवास त्रासाचा. म्हणून घाटकोपर-वर्सोवा हे अंतर बोरिवली-चर्चगेटपेक्षा कमी असूनही अनेकांना लांब वाटायचे. २०१४ मध्ये ११.४ कि.मी.ची मेट्रो आल्यावर ते वीस-बावीस मिनिटांवर आले. २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूने शिवडी आणि न्हावा-शेवा जवळ आणले, मात्र मोटारीवाल्यांसाठी. दुचाकी आणि रिक्षांना त्यावर प्रवेश नाही, त्यांच्यासाठी मुंबई तेवढीच लांब राहिली. पुण्यात अडथळे मुळा-मुठेचे, टेकड्यांचे आणि कॅन्टोन्मेंटचे. मोजके पूल सगळी वाहतूक ओढून घेतात आणि मग नकाशावरचे चार किलोमीटर गर्दीच्या वेळी पाऊण तास खातात.

दिवसाची लोकसंख्या हा तिसरा भाग. टोकियोच्या चियोदा प्रभागात राहणारे लोक ६७ हजारांच्या आसपास, दिवसा तिथे असणारे सुमारे नऊ लाख. लंडनची ‘सिटी’, म्हणजे मधला जुना व्यापारी भाग, २.९ चौ.कि.मी.ची, २०२१ च्या जनगणनेत रहिवासी नऊ हजारांहूनही कमी आणि कामाला येणारे पाच लाखांहून जास्त. आपली जनगणना माणूस जिथे राहतो तिथे मोजते. त्यामुळे फोर्टची गर्दी डोंबिवली, विरार आणि पनवेलच्या खात्यावर जमा असते.

आता २०२७ कडे. धोका कुठे आहे ते बेंगळुरूने दाखवले आहे. २००१ मध्ये तिथल्या महापालिकेची लोकसंख्या ४३ लाख, २०११ मध्ये ८४ लाख, वाढ ९६ टक्के. पण मधे २००७ मध्ये हद्द २२६ वरून ७०० चौ.कि.मी.च्या वर गेली होती. नागरी समूहाची नागरी समूहाशी तुलना केली तर ५७ लाखांवरून ८५ लाख, म्हणजे ४९ टक्के. अर्धी ‘वाढ’ अधिसूचनेची होती. पुण्याच्या बाबतीत हीच चूक होण्याची शक्यता फार मोठी आहे.

ती टाळण्याची रीत अवघड नाही. २०११ च्या प्राथमिक जनगणना गोषवाऱ्यातून समाविष्ट गावांची त्या वेळची लोकसंख्या काढावी आणि ती ३१,२४,४५८ मध्ये मिळवावी. फुरसुंगी, उरुळी देवाची धरू नयेत. मग त्या बेरजेशी २०२७ चा आकडा ताडावा. एखादे गाव २०११ मध्येच ‘जनगणना नगर’ (ग्रामपंचायत असूनही जनगणनेने नागरी मानलेली वस्ती) ठरले असेल तर ते गावांच्या यादीत सापडत नाही, नगरांच्या तक्त्यात शोधावे लागते. ते सुटले की मूळ बेरीज कमी आणि वाढ जास्त दिसते. कॅन्टोन्मेंटची हद्द मधल्या काळात बदलली असेल तर तेवढी दुरुस्ती दोन्ही वर्षांना करावी.

आमची आपणास विनंती एवढीच की शहराचा कोणताही आकडा छापताना त्याच ओळीत तीन गोष्टी द्याव्यात: हद्द कोणती (महापालिका, नागरी समूह की महानगर प्रदेश), क्षेत्रफळ कोणत्या दस्तऐवजातले आणि वर्ष कोणते. दोन वर्षांची तुलना असेल तर हद्द मधे बदलली का, हेही. पाणी किती द्यायचे, बस किती लागतील, शाळा कुठे काढायच्या याचे दरडोई हिशेब याच आकड्यांवर होतात. समाविष्ट गावांतल्या, अजून टँकरची वाट पाहणाऱ्या लोकांची गणना चुकीच्या छेदात गेली तर त्यांच्या वाट्याचा निधी कागदावरच पुरेसा दिसेल.

आपले,
नगररचना आणि भूगोल शिकवणारे काही अध्यापक, पुणे