बदलीची कुणकुण लागली की घरमालकाला काय सांगावं?

मा. संपादक,
स. न.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या 2005 च्या बदली कायद्यानुसार एप्रिल-मेमध्ये होतात आणि बँका, खासगी कंपन्यांतली हलवाहलवही बरीचशी याच सुमारास होते. भाड्याच्या घरांतले बरेच तंटे तेव्हाच उभे राहतात. त्यांचं मूळ एकच: भाडेकरू ‘बहुतेक जावं लागेल’ एवढंच फोनवर बोलतो आणि घरमालक तीच नोटीस समजतो. पुढे बदली लांबते किंवा रद्द होते. तोवर मालकाने एजंटला कळवून नव्या माणसाकडून टोकन घेतलेलं असतं.

म्हणून मालकाला फोन करण्याआधी नोंदणी झालेला करार उघडून लॉक-इन (म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो काळ), नोटीस आणि अनामत ही तीन कलमं वाचावीत. अकरा महिन्यांच्या करारात लॉक-इन बहुधा तीन ते सहा महिन्यांचा असतो. नोटीस लॉक-इन चालू असताना देता येते की तो संपल्यावरच, हे प्रत्येक करारात वेगळं असतं आणि तेवढ्या एका वाक्यावर एका महिन्याचं भाडं इकडचं तिकडे होतं. महिनाही कॅलेंडरचा धरू नये. करार 10 जूनला सुरू झाला असेल, तर भाड्याचा महिना 10 तारखेपासून पुढच्या 9 तारखेपर्यंत असतो. 3 सप्टेंबरला दिलेली महिन्याची नोटीस 3 ऑक्टोबरला संपते की 9 ऑक्टोबरला, हे करारात स्पष्ट नसेल तर तेव्हाच लेखी ठरवून घ्यावं.

शक्यता दिसू लागताच मालकाला सांगावं, असं आमचं ठाम मत आहे. बहुतेक मालकांनी अनामत रक्कम वापरलेली असते. ती परत उभी करायला त्यांना वेळ लागतो. मात्र सांगायचं ते लेखी, आणि हे फक्त कळवणं आहे हे स्पष्ट करून. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढा मजकूर पुरे: ‘नमस्कार काका. माझी नागपूरला बदली होण्याची शक्यता आहे. नक्की काय ते 20 तारखेपर्यंत कळेल. ही नोटीस नाही. ऑर्डर हातात आली की करारातल्या मुदतीप्रमाणे वेगळी लेखी नोटीस देईन. तोवर कृपया दुसऱ्या कोणाकडून टोकन घेऊ नका.’ मालकाच्या आधी वॉचमनला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगू नये. मालकाला ते तिसऱ्याकडून कळलं, की पुढची सगळी बोलणी संशयानेच होतात.

खरी नोटीस ऑर्डर किंवा ऑफर लेटर हाती आल्यावरच द्यावी. करारात नवरा-बायको दोघं मालक असतील तर ती दोघांच्या नावे लिहावी, आणि भाडेकरू दोघं असतील तर दोघांनी सही करावी. मालक परदेशात असेल तर त्याच्या मुखत्यारालाही एक प्रत द्यावी. ईमेल करावाच, शिवाय करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवावी.

सर्वात जास्त नुकसान होतं ते करार नूतनीकरणाच्या वेळी गप्प बसल्यामुळे. बदली डोक्यावर असताना सवयीने पुन्हा अकरा महिन्यांचा करार केला जातो आणि लॉक-इन नव्याने सुरू होतो. अकरा महिनेच हवेत असा कुठलाही नियम नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, मग तो तीन महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून शंका असेल तर सरळ तीन-चार महिन्यांचा करार करावा, किंवा अकरा महिन्यांच्या करारात हे कलम घालावं: ‘नोकरीत दुसऱ्या गावी बदली झाल्यास, तसं पत्र दाखवून, लॉक-इनमध्येही एक महिन्याच्या नोटिशीवर जागा सोडता येईल.’ नोंदणीनंतर ते घालायचं तर पुन्हा वेगळा दस्त करावा लागतो.

खर्चही पाहा. महिना 20,000 भाडं, 60,000 अनामत आणि अकरा महिने मुदत धरली, तर एकूण भाडं 2,20,000 आणि अनामतीवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज 6,000. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. ही रक्कम फार नाही. महाग पडते ती एजंटची एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली आणि घर रिकामं राहिलेला महिना.

उलटही घडतं. जाणं लांबतं, करार संपतो आणि भाडेकरू तसाच राहतो. भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट भाड्याच्या दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. अशा वेळी मुदतीच्या आतच छोटा नवा करार नोंदवून घ्यावा.

शेवटच्या महिन्यांचं भाडं अनामतीतून परस्पर वळतं करू नये. वीजबिल मागाहून येतं, गीझर किंवा नळाची मोडतोड घर रिकामं झाल्यावरच दिसते आणि मालकाच्या हाती काहीच उरत नाही. किल्ल्या आणि अनामत यांची देवाणघेवाण एकाच वेळी, पैसे बँकेतूनच. त्या दिवशी वीज आणि पाइप गॅसच्या मीटरचं रीडिंग फोटोसह टिपून ठेवावं आणि शेवटच्या बिलापासूनच्या युनिटचा हिशेब तिथेच मिटवावा. रंगाचे पैसे कापायचे की नाही, हे करारात लिहिलं असेल त्याप्रमाणे. वापरामुळे भिंत मळणं म्हणजे नुकसान नव्हे. एका कागदावर तारीख, रीडिंग, किल्ल्यांची संख्या, पंखे, गीझर, एसीचा रिमोट आणि परत मिळालेली रक्कम लिहून दोघांनी सह्या कराव्यात. भाडं महिना 50,000 च्या वर असेल तर टीडीएस (भाडेकरूने भाड्यातून कापून सरकारकडे भरायचा कर) 2 टक्के; वर्षाच्या मध्येच घर सोडलं तर तो शेवटच्या महिन्याच्या भाड्यातून कापावा लागतो.

मालकांनाही एक विनंती. भाडेकरूने शक्यता कळवल्याबरोबर रोज नवी माणसं घर बघायला आणू नयेत. नोटीस आल्यावर आठवड्यातली दोन संध्याकाळची वेळ ठरवावी आणि अनामतीच्या परतीची तारीख त्याच आठवड्यात लेखी कळवावी.

आपले,
भाडेकरार नोंदणीचं काम करणारे काहीजण,
कोथरूड, पुणे