बारा द्राक्षे, बारा टोले आणि लहान मुले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३१ डिसेंबरच्या मध्यरात्री टेबलाखाली बसून बारा द्राक्षे खाल्ली की नव्या वर्षात मनासारखा जोडीदार मिळतो, असे सांगणाऱ्या रील्सचा वर्षअखेरीस पूर येतो. त्यांत मूळ प्रथा निम्मीच उरते आणि घ्यायची काळजी तर कुणीच सांगत नाही.

प्रथा स्पेनची. माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातल्या घड्याळाच्या प्रत्येक टोल्याला एक द्राक्ष खायचे, दर द्राक्षामागे एका महिन्याचे भाग्य. टेबल ही अलीकडची भर. १९०९ साली आलिकान्तेच्या बागायतदारांनी जादा पीक खपवायला ही टूम काढली, असे सर्रास छापले जाते. पण जानेवारी १८९७ मध्येच स्पेनमधल्या वृत्तपत्रात ती 'माद्रिदची चाल' म्हणून नोंदलेली आहे. बागायतदारांनी ती पसरवायला हातभार लावला, इतकेच.

गोंधळ उडतो तो टोल्यांचा. बाराच्या सुमारास घड्याळावरचा गोळा खाली येतो, मग चार जोडटोले पडतात. ते पाव तासांचे असतात, तेव्हा द्राक्ष तोंडात टाकायचे नाही. त्यानंतर मोठ्या घंटेचे बारा टोले, दर तीन सेकंदांना एक, म्हणजे सगळे मिळून ३६ सेकंद. १९८९ च्या अखेरच्या रात्री तिथल्या सरकारी वाहिनीच्या निवेदिकेचीच यात गल्लत झाली आणि घरोघरच्या प्रेक्षकांची द्राक्षे चुकली.

तीन सेकंदांत एक द्राक्ष चावून गिळणे वाटते तेवढे सोपे नाही. स्पेनमध्ये यासाठी विनालोपो खोऱ्यातली आलेदो जातीची द्राक्षे मोठ्या प्रमाणावर घेतात. घड वेलीवर असतानाच त्यांना कागदी पिशव्या घालतात, त्यामुळे साल पातळ राहते आणि तोड डिसेंबरपर्यंत लांबवता येते. पण त्यांत बिया असतात, म्हणून बरेच जण साल आणि बिया आधीच काढून ठेवतात. सोललेल्या बारा द्राक्षांचे छोटे डबेही तिथे मिळतात. घरी करायचे तर लहान, बिनबियांची द्राक्षे निवडावीत. उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात टाकली की साल बोटांनी सुटते. फ्रिजमधून थेट काढलेली नकोत, दात शिवशिवतात आणि पुढचा टोला हुकतो.

पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र अख्खे द्राक्ष देऊच नये. गुळगुळीत, गोल आणि दाबले जाणारे फळ लहानग्या श्वासनलिकेत बुचासारखे घट्ट बसते, हवेला वाटच राहत नाही. त्यात घाई, हसणे, ओरडणे आणि मोठ्यांशी स्पर्धा. आडवे कापून भागत नाही, कारण गोल चकतीही अडकते. द्राक्ष उभे चिरून चार फोडी कराव्यात, साल-बिया काढाव्यात, मुलाला बसवून द्यावे आणि टोल्यांशी शर्यत लावू नये.

तरीही अडकलेच आणि मूल जोरात खोकत असेल, तर खोकू द्यावे. खोकता, रडता किंवा बोलता येत नसेल, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात. तेवढ्याने भागले नाही तर एक वर्षावरच्या मुलाच्या पोटावर, बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाखाली, आत-वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत आणि दोन्ही आलटूनपालटून करत राहावे. तोवर दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवावी. दिसत नसलेले द्राक्ष काढायला घशात बोट घालू नये, ते आणखी आत सरकते.

आपला,
एक वाचक