अण्णांच्या पेनाबद्दल

प्रिय दिगू,

अण्णांचं पेन माझ्याकडे आलंय. नंदूने पाठवलं. चिठ्ठी नाही, काही नाही, जुन्या रुमालात गुंडाळलेलं नुसतं पेन. तेच, ड्रॉपरने शाई भरायचं, अंगावर बारीक लाटांची नक्षी असलेलं. काळं म्हणवत नाही आता, शेवाळी झालंय.

हे वाचून तू काय करणार ते मला ठाऊक आहे. आधी म्हणशील, "माझ्याकडे दे, माझा हक्क जास्त." मग म्हणशील, "मस्त पॉलिश करून काचेच्या पेटीत ठेवू." दोन्हीला नाही. का नाही ते सांगतो. आणि शेवटी तुझ्याकडे एक काम आहे, ते तुझ्याशिवाय कुणालाच जमणार नाही, तेव्हा पत्र अर्ध्यावर ठेवून झोपू नकोस.

तब्येत ठीक. बीपी गोळीच्या ताब्यात, गोळी बायकोच्या ताब्यात. पुढे.

आधी पॉलिशचं. पेन एबोनाइटचं आहे, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. अंगठ्याने जोरात चोळलं की अजून वास येतो. उजेड आणि ओल लागली की वरच्या थरातलं गंधक बदलतं आणि काळ्याचं तपकिरी-हिरवं होतं. तो रंग वर चढलेला मळ नाही, त्या थराचाच रंग आहे. काढायचा तर थर खरवडावा लागतो, आणि थर गेला की नक्षीच्या कडा बोथट होतात. परत उजेड लागला की परत हिरवं. म्हणजे नक्षी कायमची गेली आणि रंग परत आला, असा तो व्यवहार. अण्णा उजव्या हाताने जिथे धरायचे तिथली नक्षी आधीच गुळगुळीत आहे. उरलेली मी घालवणार नाही.

काचेच्या पेटीला नाही म्हणण्याचं कारण जिभेत आहे. (तुझ्या नव्हे. तुझी जीभ कधी सुकल्याचं ऐकिवात नाही.) निबेखालच्या जिभेत शाई खाली उतरायला आणि हवा वर जायला बारीक चिरा असतात. पेनवाल्या वॉटरमनने १८८४ साली पेटंट घेतलं ते या चिरांचंच. त्याआधीची पेनं एक तर लिहीत नसत, नाहीतर ओकत. पेन भरलेलं ठेवून दिलं की शाईतलं पाणी उडतं, रंग चिरांत घट्ट बसतो आणि पेन मुकं होतं. चालतं पेन दोन-तीन दिवसांनी चार ओळी लिहून जिवंत राहतं. ठेवायचंच असेल तर पूर्ण धुऊन, कोरडं करून, अंधारात. उजेडातल्या काचेच्या पेटीत तर कधीच नाही.

तुझ्या पेटीतली ती दोन पेनंही बहुधा याच रोगाने गेलीत, तेव्हा धुण्याची रीत लिहून ठेव. साधं पाणी, गरम नाही. गरम पाण्याने एबोनाइट विटतं आणि मऊ पडतं. अख्खं पेन वाटीत बुडवायचं नाही. निब छिद्रापर्यंत बुडेल एवढंच पाणी एका लहान कपात घ्यायचं आणि पेनाचा पुढचा भाग त्यात उभा ठेवायचा. दोन-तीन तासांनी पाणी बदलायचं. रात्रभर लागली तर लागू दे. पाणी स्वच्छ दिसायला लागलं की फसायचं नाही. निब टिपून टीपकागदावर टेकवायची आणि बसायचं. पंधरा मिनिटांत निळा डाग उमटला, तर आत माल शिल्लक आहे. तरी हटलं नाही तर दहा भाग पाण्यात एक भाग घरगुती अमोनिया आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. त्यात थोडा वेळच ठेवायचं आणि मग साध्या पाण्याने भरपूर खळखळून धुवायचं. पितळी रिंग किंवा क्लिप असेल ती त्यातून बाहेर ठेव, अमोनिया पितळ खातो. आणि स्पिरिट पेनाच्या पोटात जाऊ देऊ नकोस, सेल्युलॉइड असेल तर विरघळतं, अॅक्रिलिकला चिरा जातात. तुझ्या पोटात काय जातं त्याबद्दल मी बोलायचं सोडून दिलंय.

निब आणि जीभ उपसून काढायची गरज सहसा पडत नाही. पडलीच तर दोन्ही मिळून, रबराच्या तुकड्यात धरून, सरळ ओढायची, पिळायची नाही. परत बसवताना जीभ निबेला नीट चिकटली नाही तर मधे फट राहते आणि शाई येता येता तुटते. एवढ्यापुरतं गरम पाणी चालतं: फक्त जिभेचं टोक वीस-तीस सेकंद चांगल्या गरम पाण्यात धरायचं, निबेवर अंगठ्याने दाबायचं, तसंच धरून थंड होऊ द्यायचं. जीभ एबोनाइटची असेल तरच. प्लास्टिकची ऐकत नाही.

हे सगळं करून अण्णांचं पेन चालू झालं. खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली.

पेन लिहितं, पण माझ्या हातात खरखरतं. पहिला संशय निबेच्या दोन पात्यांवर. एक वर, एक खाली असेल तर खालच्या पात्याची आतली कड कागद ओरबाडते. त्याची तपासणी सोपी आहे. हात हलका ठेवून चार दिशांना रेघा ओढायच्या. उजवीकडे जाताना खरखर लागली तर डावं पातं खाली आहे, डावीकडे जाताना लागली तर उजवं. खालचं पातं नखाने जरासं वर उचलायचं, सोडायचं, परत बघायचं. नखानेच, चिमट्याने नाही. दहापट भिंगातून टोकाकडे समोरून पाहिलं की दोन ठिपके एका पातळीत दिसले पाहिजेत. अण्णांच्या निबेचे दिसतात. पाती सरळ आहेत. पात्यांमधली फटही टोकाकडे नीट निमुळती होत गेलीय.

मग भिंग बाजूला वळवलं आणि दिसलं. टोकावरच्या कडक धातूच्या मण्याला एक सपाट पैलू पडलाय. सगळे त्याला इरिडियम म्हणतात, असतं बहुतेक ऑस्मियम, रुथेनियम असलं काहीतरी, पोलादाहून कितीतरी कठीण. तेही झिजतं, पण एकाच हाताने, एकाच कोनात, वर्षानुवर्षं लिहिलं तर. हा पैलू मधोमध नाही. डाव्या अंगाला कललेला आहे आणि बराच आडवा. म्हणजे पेन कागदाशी निजलेलं आणि बोटांत थोडं फिरवलेलं. पैलू कागदावर सपाट टेकला की लोण्यासारखं चालतं. जरा कोन चुकला की पैलूची कड टेकते आणि खरखर.

आता कळलं, मी तुला का लिहितोय? तिथे अण्णांचा हात आहे, दिगू. अक्षरशः.

दुरुस्त करणं अवघड नाही, हाच तर त्रास आहे. बारा हजार नंबरचा पॉलिश पेपर घ्यायचा. पेनात शाई असली पाहिजे, कोरडी निब घासायची नाही. हाताचा भार शून्य, पेनाचं वजन तेवढंच. चार-पाच इंग्रजी आठचे आकडे काढायचे, मधे पेन बोटांत थोडं थोडं फिरवायचं, थांबायचं, लिहून बघायचं, भिंगातून बघायचं. बहुतेकदा दुसऱ्या फेरीतच कड मोडते आणि पेन कुणाच्याही हातात चालतं. हावरेपणा केला तर फटीच्या आतल्या कडाही गोल होतात. मग शाई कागदापासून किंचित उंच राहते आणि प्रत्येक शब्दाचा पहिला फटका कोरडा जातो. निब काचेसारखी गुळगुळीत आणि तरी अर्धं अक्षर गायब. घासलेलं परत भरता येत नाही. नवा मणी डाकणारे कारागीर असतात, पण मग ती निब नवी म्हणायची.

तेव्हा प्रश्न एवढाच: निब माझ्या हाताला आणायची, की माझा हात निबेला न्यायचा?

तू म्हणशील, काय हा पोरकटपणा, लिहायला घेतलंयस तर लिहिता येईल असं कर. तुझं हे नेहमीचंच. ब्ल्यू-ब्लॅक शाई की निळी, या भांडणातही तू असाच उपयुक्ततेच्या बाजूने होतास. (त्या भांडणातला अर्धा मुद्दा तुला देऊन टाकतो. जुन्या पद्धतीच्या ब्ल्यू-ब्लॅकमधलं लोह हवेने काळं पडतं आणि कागदात मुरतं, म्हणून टिकतं. माझी निळी उन्हात उडते. पण तीच शाई आम्ल असते, स्टीलची निब खाते, आणि सुकली की जिभेत असा थर धरते की साध्या पाण्याला सहजी दाद देत नाही. अण्णांच्या पेनात साधी धुतली जाणारी निळीच जाणार. दोन शायांची मिसळ तर अजिबात नाही, गाळ बसतो. आणि चित्रकलेची काळी शाई भरलेलं पेन ज्याचं होतं त्याचं नाव मी इथे काढत नाही.)

शाई भरण्यातही नखरे आहेत. ड्रॉपरने दोन-तीन मिली मावते. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा नखाएवढा हात द्यायचा, व्हॅसलीन नाही, आत रबरी वॉशर असला तर तो त्याने फुगतो. शाई एक तृतीयांशाच्या खाली गेली की भरून टाकायची. कारण वर मोकळी हवा जास्त झाली की हाताच्या उबेने ती फुगते, शाईला खाली ढकलते आणि नेमका सहीच्या वेळी डाग पडतो. अण्णांच्या खिशाला तो कायमचा निळा ठिपका होता ना, तो यानेच. पेन शिल्लक शाईवर चालवायची सवय. टोपण मागे खोचायचं नाही, एबोनाइटच्या टोपणाच्या ओठाला चीर जाते. याच्या टोपणाला अजून एकही नाही, म्हणजे अण्णा खोचत नसावेत. की खोचायचे?

मी सध्या रोज संध्याकाळी अर्धा तास बसतो. तुला हसू येईल, पण त्यात काहीच लिहायचं नसतं. ओळभर शून्यं, ओळभर लांब ळ, मग मनात येईल ते. बॉलपेनातली शाई घट्ट असते, गोळी फिरवायला दाबावंच लागतं, म्हणून तासभर लिहिलं की मनगट धरतं. याला दाब नकोच असतो. तीन बोटांत नुसतं टेकवायचं आणि कोपरापासून हात सरकवायचा. दाबलं तर पाती फाकतात आणि रेघ जाड होते, पेन लगेच चहाडी करतं. दहा मिनिटांनी खांदे आपोआप खाली येतात. कागद मात्र गुळगुळीत हवा. झेरॉक्सच्या कागदाचे तंतू फटीत अडकतात, शाई फुटते, आणि माणूस उगाच निबेला शिव्या देतो.

त्या अर्ध्या तासात मी अण्णांचा कोन शोधतोय. शून्यं काढता काढता पेन बोटांत केसभर फिरवत जायचं. एका जागी खरखर अचानक थांबते आणि रेघ ओली, भरदार येते. तिथे नळीवर कागदी पट्टीचा बारीक तुकडा चिकटवून खूण केलीय. तिथे धरलं की चालतं, पण दोन ओळींत माझा अंगठा मूळ जागी येतो आणि परत खरखर. माझं काहीतरी चुकतंय धरण्यात. फिरवण्यापेक्षा हातच वेगळा ठेवायला हवा, असं वाटतं.

आणि इथे तू लागतोस. तू त्यांच्या डाव्या हाताला बसायचास, मी समोर. मला त्यांची मूठ दिसायची, तुला बोटं. शिवाय त्यांची सही प्रगतिपुस्तकावर तुझ्याइतकी हुबेहूब कुणालाच जमली नाही. बारीक बघितल्याशिवाय ते जमत नाही. तर आठवून लिही:

अंगठा पेनावर आडवा पडायचा की टोकाला टेकायचा? तर्जनी सरळ असायची की वाकलेली? वही सरळ ठेवायचे की तिरकी, आणि तिरकी तर कुठल्या बाजूला? हात ओळीच्या खाली असायचा की ओळीवर? टोपण खोचायचे की डाव्या हातात धरायचे? मला अंधुक आठवतं की ते टोपण मुठीत धरून बसायचे आणि विचार करताना त्याने टेबलावर ठकठक करायचे, पण तो मास्तरांचा खडूही असू शकेल.

उगाच मन राखायला लिहू नकोस. आठवत नसेल तर नाही म्हण. फोनवर सांगू नकोस, फोनवर तू पहिल्या मिनिटाला विषय बदलतोस. जमलं तर कुणाला तरी तसा हात धरायला लावून फोटो काढ, बाजूने आणि वरून. वहिनींना सांग, हसतील पण धरतील.

बाकी, तुझ्या पाठीचं काय झालं? पट्टा लावतोस की कपाटात ठेवलायस? घराचा ताबा मिळाला असं शमीकडून कळलं, अभिनंदन, पत्ता कळव. पिंकीच्या परीक्षेचा निकाल लागला असेल. चांगलाच असणार, आईवर गेलीय.

तुझं उत्तर येईपर्यंत पॉलिश पेपर पाकिटातच आहे. लवकर लिही, आणि शाईच्या पेनानेच लिही. ती दोन पेनं धुवायला घेतलीस तर टीपकागदावरचा डाग कुठल्या रंगाचा आला तेही सांग. काळपट आला तर ब्ल्यू-ब्लॅकचा गाळ आहे. तसं असेल तर घाई करू नकोस, पाणी बदलत दोन दिवस ठेव.

तुझा,
बाळ्या

ता. क. पेन "माझ्याकडे दे" याचं उत्तर अजूनही नाहीच आहे. पण कोन बरोबर सांगितलास तर आलास की दोन पानं लिहायला देईन. माझ्यासमोर बसून.