रविवारी तोफ उडत नाही!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला स्कॉटलंडमधल्या एडिनबरा किल्ल्यावरचा लेख सौ.ने मोठ्याने वाचून दाखवला. ‘दररोज दुपारी ठीक एक वाजता तोफ डागली जाते’ या वाक्यावर ती थांबली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघू लागली. चहा तिथेच गार झाला.

दररोज नाही हो! रविवारी नाही, गुड फ्रायडेला नाही, नाताळच्या दिवशीही नाही. हे मला पुस्तक वाचून कळलेलं नाही. मी तिथे रविवारीच उभा होतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही गेलो, ते एका टूर कंपनीबरोबर. नाव घेत नाही, पैसे परत मिळणार नाहीतच. टूर मॅनेजरनेही आपल्या लेखकाचंच वाक्य ऐकवलं होतं, जणू दोघांची शिकवणी एकच. जेवण पुढे ढकलून साडेबारालाच आम्हाला मिल्स माउंटच्या तटाशी नेऊन उभं केलं. वारा असा की टोपी डोक्यावर ठेवायची सोय नाही. सौ.ने पर्समधल्या दशम्या काढल्या, तर ‘आत्ता नको, तोफ चुकेल’ म्हणून मीच तिला गप्प केलं. (हे वाक्य मला तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तरी ऐकावं लागतं.) नागपूरचे एक गृहस्थ एक वाजायला पाच मिनिटं असताना दोन्ही हातांनी मोबाइल धरून सज्ज झाले आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगू लागले. एक वाजला. एक वाजून पाच झाले. त्यांच्याकडे अकरा मिनिटांचा व्हिडिओ आहे. त्यात समुद्रपक्षी आहेत, वारा आहे आणि शेवटी माझा आवाज आहे, ‘उडली का?’ टूर मॅनेजर म्हणाला, काहीतरी टेक्निकल असेल. शेवटी किल्ल्यावरच्या एका कर्मचाऱ्याने हसून सांगितलं, आज रविवार.

या तासाभराच्या पायी स्कॉटलंडच्या राजमुकुटाची रांग हुकली. १४५७ साली राजाला भेट आलेली ती सहा टनांची मॉन्स मेग तोफ पळता पळता पाहिली. कुत्र्यांची दफनभूमी वरूनच दाखवली. सैनिकांनी पाळलेल्या कुत्र्यांच्या एवढ्याशा शिळा आहेत तिथे, सौ.ला जवळून बघायच्या होत्या. वीस पौंडांच्या घरातलं तिकीट काढून आम्ही मुख्यतः ताडपत्रीसारखा ताणलेला नागपूरकरांचा चेहरा पाहिला.

आणि तोफ ‘शत्रूला इशारा देण्यासाठी’ सुरू झाली म्हणे! १८६१ सालापासून कोणता शत्रू रोज एकच्या ठोक्याला येत होता? अहो, ती जहाजांसाठी होती. फोर्थच्या खाडीतल्या खलाशांना घड्याळं लावून घ्यायला समोरच्या कॅल्टन टेकडीवर नेल्सनच्या मनोऱ्यावरून १८५२ पासून एक गोळा बरोबर एक वाजता खाली सोडत. धुकं पडलं की गोळा दिसेना, म्हणून आवाज हवा, म्हणून तोफ. आम्ही घरी परतल्यावर एवढं शोधून काढलं. पानभर लेख लिहिणाऱ्याला लिहिण्याआधी जमायला हरकत नव्हती.

पण खरा राग वेगळाच आहे. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर मोठं पटांगण आहे, तिथे ७८व्या हायलँडर्स पलटणीचा स्मारक-क्रूस आहे. १८५७-५८ मध्ये हिंदुस्थानात मेलेल्या त्यांच्या माणसांसाठी उभारलेला. त्यावर हत्ती कोरलाय. सौ. थबकली. ‘अहो, हा हत्ती इथे कुठला?’ हा हत्ती आमच्या असईचा! २३ सप्टेंबर १८०३, शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रजांचा सेनापती वेलस्ली. त्या लढाईबद्दल या पलटणीला हत्तीचं चिन्ह मिळालं. असई भोकरदनजवळ, जालना जिल्ह्यात आणि भोकरदन म्हणजे माझी सासुरवाडी. लहानपणी सौ. वडिलांच्या सायकलवर पुढच्या दांडीला बसून असईला गेलेली आहे. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी मेले पण हटले नाहीत, हे तिला वडिलांनी तिथेच शेताच्या बांधावर सांगितलेलं. ती त्या दगडी हत्तीला हात लावायला वाकली, तर मागून बसवाल्याचा भोंगा आणि ‘मॅडम, प्लीज, शॉपिंगला उशीर होतोय’. मराठी वाचकाला त्या किल्ल्यावर सांगण्यासारखी ही एक गोष्ट, आणि लेखात तिचा शब्द नाही. स्कॉच कुठे चाखावी यावर मात्र चौकट आहे.

शेवटी ‘इतिहास जपावा तो त्यांनीच’ हा नेहमीचा ठसका आहेच. असेल बुवा. त्यांच्या तिकिटात आमचा अख्खा गट देवगिरी चढून उतरेल, एवढंच म्हणतो.

लेखकाने पुन्हा जावं, आमच्या शुभेच्छा. वार बघून जावं.

कळावे,
एक निवृत्त शिक्षक, जालना

ता.क. शब्दकोड्याचं उत्तर पुढच्या रविवारी देतो म्हणता, आणि त्या रविवारी आमच्याकडे पुरवणीच येत नाही. गेल्या महिन्यात दोनदा झालं. १४ उभा अजून अडलेला आहे.