अंगणातली बाज

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "मी ठीक आहे, बाबा" म्हणालीस, तेव्हा तो स्वर मला फार ओळखीचा वाटला, कारण तीस वर्षे मी त्याच स्वरात तेच वाक्य म्हणत आलो आहे. म्हणून आजवर तुला न सांगितलेले लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि त्यात तुझी आजी व धाकटा काका गेले, एवढेच तुला ठाऊक आहे. आदल्या रात्री गणपती बोळवून आम्ही उशिरा परतलो होतो. काका अंगणातल्या बाजेवरच झोपी गेला होता. दव पडते म्हणून मीच त्याला उठवून आत नेले आणि स्वतः मात्र मित्रांबरोबर मंडपात झोपलो. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे जड माळवद कोसळले. अंगणातली बाज जशीच्या तशी राहिली.

पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना लोक मला धीराचा म्हणत, कारण मी रडलो नाही. (आपल्याकडे ही पदवी फार स्वस्तात मिळते.) लहानपणी तू कुठेही झोपलीस तरी मी तुला उचलून आत नेत नसे, त्यावरून तुझी आई चिडायची, तिलाही मी कारण सांगितले नव्हते.

२०२३ साली एका रात्री झोप येईना, तेव्हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. पुढे मी एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागलो. त्यांनी माझे सांत्वन केले नाही, चौथ्या भेटीत एवढेच विचारले, "भूकंप होणार हे त्या रात्री तुम्हाला ठाऊक होते का?" असला बाळबोध प्रश्न ऐकून मी चिडून घरी आलो, पण तो आठवडाभर डोक्यातून जाईना. त्या रात्री मी सोळा वर्षांचा होतो आणि जे पहाटे कळले, त्याची शिक्षा रात्रीच्या त्या मुलाला इतकी वर्षे देत होतो.

तुझा घटस्फोट आणि माझा भूकंप एका मापाने मोजायचा नाही. पण "मला आधीच कळायला हवे होते" हे तुझे पालुपद मी ओळखतो. त्या वेळी जेवढे दिसत होते, तेवढ्यावरच तू होकार दिलास. आणि पसंती आम्हीही दिली होती, हे विसरू नकोस.

मी पूर्ण बरा झालो, असे नाही. सप्टेंबर लागला की अजूनही झोप उडते. आता मी तुझ्या आईला उठवतो आणि ती कुरकुरत चहा ठेवते.

यंदा ३० सप्टेंबरला जुन्या गावठाणात जायचे ठरवले आहे. पुनर्वसन झाल्यापासून मी तिकडे फिरकलो नाही. बाभळी माजल्या आहेत म्हणतात, घराची जागा सापडेल की नाही कोण जाणे. सुटी मिळाली तर तूही ये. बाज साधारण कुठे होती, ते दाखवीन.

तुझा,
बाबा